जुन्यासारखे नकोत

११ जानेवारी

मायना काय लिहावा, यावर अर्धा तास गेला. ‘प्रिय’ लिहिलं तर तू पत्र तिथेच मिटशील आणि ‘महोदया’ लिहिलं तर मलाच हसू फुटेल. एकतीस वर्षं मी तुला ‘अगं’ म्हणूनच हाक मारली. ती हाक कोर्टानं काढून घेतलेली नाही, तेव्हा तीच चालवतो.

तर अगं, तुझा हुकूम पोचला. माझ्या खोलीवर नाही, थेट लॅबमध्ये. आमच्या हिशेबाच्या बाई तुला आठवतात ना? स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून साऱ्या जगाला बहिरं समजून बोलतात, त्या. सकाळी साडेदहाला त्या काचेच्या केबिनमधून कागद घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, “हे तुमचंच नाव ना हो? पोटगी थकवल्याबद्दल दरमहा पगाराचा तिसरा हिस्सा परस्पर कापून कोर्टात भरावा, असं लिहिलंय. म्हणजे मी नक्की काय करायचं?”

मी तेव्हा कुणाच्या तरी खालच्या कवळीच्या दाढा मेणात बसवत होतो. शेजारी मेणवाल्या बाई, पलीकडे प्लास्टरचे दोघे, कोपऱ्यात पॉलिशवाला. पॉलिशवाल्यानं चाक बंद केलं. नऊ वर्षांत त्यानं ते चहासाठीसुद्धा कधी बंद केलेलं नाही. आठ माणसं माझ्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “लिहिलंय तसं करा,” आणि उजवीकडची दाढ डावीकडे बसवली. दुपारी ती पुन्हा काढावी लागली.

एवढं करायला हवं होतं का? मागे तीन महिने पैसे पोचले नाहीत, मान्य. गुडघ्याच्या तपासण्या निघाल्या होत्या, त्यात हात आखडला. तू एक फोन केला असतास तर त्याच संध्याकाळी पाकीट घेऊन आलो असतो. त्याआधीच्या दोन वर्षांत एकही एक तारीख मी चुकवली नाही. कामावरून सुटलो की सरळ तुझ्या दारात. तू पाकीट घ्यायचीस, मी चहा घ्यायचो, तुझ्या स्वयंपाकघरातला नळ गळायचा तो बघायचो. घटस्फोट झालेली माणसं याहून बरी वागतात असं मी तरी कुठे ऐकलेलं नाही.

वकिलांना भेटलो. ते म्हणाले, कपात उठवण्याचा अर्ज करता येतो, आणि तुझी संमतीची सही असली तर कोर्ट फार खोदून विचारत नाही. तो कागद सोबत ठेवला आहे. खाली पेन्सिलीनं फुली केली आहे, तिथे सही कर. मग सगळं पूर्वीसारखं होईल. पैसे मी स्वतः आणून देईन.

पैशांचं मला काही नाही, हे तुला माहीत आहे. लग्न झाल्यापासून पगाराचं पाकीट मी न फोडता तुझ्या हातात दिलं आणि तुझ्याचकडून बसभाडं मागून घेतलं. माझे सोबती त्यावरून मला चिडवायचे, मी आणखी चेकाळून सांगायचो. आता पाकीट फोडणारं कुणी तिसरंच आलं आणि मला ते हातात धरायलाही मिळणार नाही, एवढंच दुखतं.

एका चेष्टेपायी तू एकतीस वर्षं मोडलीस. निदान हे मोडू नकोस.

तुझा... पुढे काय लिहायचं ते वकिलांना विचारायचं राहिलं.


२ फेब्रुवारी

अगं,

पगार झाला. पावतीवर शेवटून दुसऱ्या ओळीत ‘इतर कपात’ असं छापून आलंय. चष्मा लावून दोनदा वाचलं. आयुष्यभर जिच्या हातात पगार दिला ती माझ्या पावतीवर ‘इतर’ म्हणून आली.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. मला वाटलं, कामावरून काढतात की काय. पण त्यांना त्यांच्या मेव्हण्याचं असंच काय काय झालं ते सांगायचं होतं. वीस मिनिटं सांगितलं. शेवटी म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका, कामावर परिणाम होता कामा नये.” मेणवाल्या बाई माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तशा हळू बोलतात. मी दोन-तीन विनोद करून पाहिले. कुणी हसलं नाही. विनोद नेहमीइतकेच वाईट होते, पण एरवी लोक हसायचे.

माणसाचं घरातलं कपाट कुणीतरी भर रस्त्यात उघडं करून ठेवावं, तसं वाटतं. मी तोच आहे, माझा हात तोच आहे, परवाच एका म्हाताऱ्याची कवळी अशी बसली की डॉक्टरांनी मुद्दाम फोन केला. पण आता मी आत शिरलो की लोकांना आधी तो कागद दिसतो आणि मग मी.

काल एक तारीख होती. सुटल्यावर पाय आपोआप तुझ्याकडे जाणाऱ्या बसच्या थांब्याकडे वळले. खिशात पाकीट नाही हे मधेच आठवलं. तरी दोन बस जाऊ दिल्या आणि मग खोलीवर आलो.

माझी खोली कुलपांच्या दुकानावर आहे, हे तुला आपल्या लेकीनं, बारकीनं, सांगितलं असेल. दिवसभर खालून किल्ल्या कानसल्याचा आवाज येतो. लॅबमध्येही तोच आवाज, त्यामुळे सुटीच्या दिवशीही कामावर असल्यासारखं वाटतं आणि बरं वाटतं. खोलीला एक खिडकी आहे, ती जिन्यात उघडते. वरच्या मजल्यावरच्या लोकांचे पाय दिसतात. आता मी पायांवरून माणसं ओळखतो.

नळ गळत असेल. प्लंबरला बोलावू नकोस, ते लोक अवाच्या सवा मागतात. सही झाली की मी येतोच.

कागद मिळाला ना? फुली बारीक आहे, नीट बघ.


१९ मार्च

अगं,

काल बारकी आली होती. आपली एवढीशी लेक आता दारात उभी राहून माझ्या खोलीकडे असं बघते, जणू तीच माझी आई. आल्या आल्या तिनं माझी भांडी घासली. मी नको म्हणालो, तर म्हणाली, “हात चालू असले की मला बोलता येतं.”

तिनं तो कागद परत आणला. सही नव्हती. मी केलेली पेन्सिलीची फुली तू खोडरबरानं पुसली होतीस, अगदी स्वच्छ, कागद न चुरगळता. नुसता परत पाठवला असतास तर मी रागावलो असतो. ती पुसलेली जागा बघितली आणि रागावताही येईना.

मी बारकीला म्हणालो, “तिला एवढा कसला राग आहे? पैसे तर आता मिळतायत.”

“राग नाहीये, बाबा.”

“मग सही करायला काय होतं?”

तिनं हातातली ताटली दोनदा विसळली. मग म्हणाली, “तुम्ही एक तारखेला यायचात ना, आईला अठ्ठावीसपासून जेवण जायचं नाही. घर आवरून ठेवायची, पुन्हा पसरायची. आवरलेलं दिसलं तर तुम्ही काहीतरी म्हणाल, पसरलेलं दिसलं तरी म्हणाल. तुम्ही गेलात की तो तुमचा चहाचा कप घेऊन ती बसून राहायची. मग चार-पाच तारखेला कुठे माणसात यायची.”

“मी चेष्टा करायचो गं. तिला हसवायला.”

“माहीत आहे. तुम्ही पैसे बंद केलेत तेव्हा पहिला महिना तिला बरं वाटलं, बाबा. तुम्ही येणार नाही म्हणून. मग भाडं थकलं. डॉक्टरकडे जायचं होतं तेही तिनं लांबणीवर टाकलं. मी विचारलं कशासाठी, तर सांगितलं नाही. शेवटी कोर्टात गेली ती रागानं नाही. पैसे यावेत आणि तुम्ही येऊ नये, असा दुसरा काही मार्ग आहे का म्हणून वकीलबाईंना विचारायला गेली होती.”

मी यावर काहीतरी गमतीचं बोलायला गेलो. मग ते सोडून तिनं विसळलेली ताटली पुसायला घेतली.

आता एक कबूल करतो. बारकीलाही सांगितलेलं नाही. माझा गुडघा ठणठणीत आहे. तपासण्या वगैरे काही नव्हत्या. ते तीन महिने पैसे माझ्या कपाटात, तीन पाकिटांत, तारखा घालून ठेवलेले होते. मला वाटलं, तू फोन करशील. पैसे का आले नाहीत म्हणून भांडशील. तू भांडायला लागलीस की मधेच तुला हसू येतं, मग मी काहीतरी बोलेन, मग तू म्हणशील, या तरी एकदा. पहिल्या महिन्यात फोनची वाट बघितली. दुसऱ्या महिन्यात हट्टाला पेटलो. तिसऱ्या महिन्यात लाज वाटायला लागली, पण लाज वाटली म्हणून पाकीट घेऊन निघालो असं काही झालं नाही.

तू फोन केला नाहीस. तू भाडं थकवलंस.

आणि तो नळ. दर खेपेला मी त्यात जुनंच वॉशर उलटं करून घालत होतो. ते महिनाभर टिकतं. नवं माझ्या खिशात असायचं.

अर्जाची तारीख तीन जुलै पडली आहे. वकील म्हणतात, तुझी सही नसली तरी जमवू, आता कपात बिनबोभाट चालली आहे ना, तेच दाखवू. मी हो म्हणालो. खोटं कशाला बोलू, कपात उठावी असं मला अजून वाटतं.


६ मे

अगं,

बारकीनं जाता जाता आणखी एक गोष्ट सांगितली होती. मागच्या पत्रात मी ती लिहिली नाही. लिहिवली नाही.

तू पाळणाघरात काम करतेस, तिथल्या मुलांना म्हणे दात काढून दाखवतेस. ज्यानं ताट संपवलं त्याला बक्षीस. वरची कवळी सटकन काढून हातात घ्यायची, मुलं किंचाळतात, ‘पुन्हा, पुन्हा’ म्हणतात, आणि तू वरचं बोळकं उघडं टाकून त्यांच्याबरोबर हसत बसतेस.

मी म्हणालो, “मग माझंच काय चुकलं? मीही तेच केलं.”

बारकी चपला घालत होती. खाली बघूनच म्हणाली, “ती स्वतः काढते, बाबा.”

गेला दीड महिना मी हे वाक्य चघळतोय.

तुला आठवतं, तुझे वरचे दात गेले ते वर्ष? पंचेचाळिशीत हिरड्यांनी दगा दिला आणि वर्षभरात वरची अख्खी ओळ गेली. सहा महिने तू तोंडावर हात धरून बोलत होतीस. दार वाजलं की आतल्या खोलीत जायचीस. मी रविवारी लॅब उघडून तुझी कवळी करत बसायचो. सात वेळा मेण काढलं, सात वेळा लावलं. डावा सुळा तुझा जन्मापासून जरासा वाकडा होता, तो तसाच वाकडा लावला, म्हणजे जगातल्या कुणालाही शंका येऊ नये. आली नाही. होस्टेलवरून सुटीत येणाऱ्या बारकीलासुद्धा वर्षभर कळलं नाही. आरशात बघून तू रडलीस आणि मला एकच वचन मागितलंस. हे आपल्या दोघांत राहील. मी दिलं.

मग सात वर्षांनी मालकांनी ते जेवण दिलं, लॅबला पंचवीस वर्षं झाली म्हणून. चाळीस माणसं. निम्मे दातांचे डॉक्टर, सोबत त्यांचे नवरे-बायका. तू खुशीत होतीस. शेजारच्या डॉक्टरांच्या बायकोला काहीतरी सांगत होतीस आणि मोकळं हसत होतीस. मी बघत होतो. मला तुझा अभिमान वाटत होता असं मी आजवर म्हणत आलो. खरं सांगू का, मला माझ्या कामाचा अभिमान वाटत होता. चाळीस जाणकार बसलेत आणि माझं सगळ्यात चांगलं काम त्यांच्यासमोर हसतंय, आणि कुणालाही माहीत नाही, हे मला सहन होईना.

मी चमच्यानं पेला वाजवला. म्हणालो, “इथे इतके डॉक्टर जमलेत. या टेबलावर एकीचे वरचे सगळे दात मी केलेले आहेत. ओळखून दाखवा.”

बायकांनी पटापट ओठ मिटले. तू मिटले नाहीस. तू माझ्याकडे बघून हसत होतीस, कारण मी सांगणार नाही याचा तुला भरवसा होता. दोन डॉक्टरांनी चुकीच्या बायकांकडे बोट दाखवलं. मग मी उठून तुझ्या खांद्यावर हात ठेवला. टाळ्या वाजल्या. मला वाटलं, त्यातल्या निम्म्या तुला आहेत. एक डॉक्टर उठून आला, वाकला आणि म्हणाला, “जरा आ करा, वहिनी.”

आणि तू आ केलास.

परत येताना गाडीत तू खिडकीबाहेर बघत होतीस. मी म्हणालो, “अगं, कौतुकच केलं ना?” पुढे तीन महिने तू माझ्यासमोर हसली नाहीस, आणि मग बॅग भरलीस. मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो की एवढ्याशा चेष्टेवरून बायको गेली. म्हणजे ती गोष्ट मी चाळीस माणसांना सांगून थांबलो नाही. बसमध्ये, वकिलाकडे, दुकानात, सगळीकडे सांगितली.

जानेवारीत हिशेबाच्या बाईंनी तो कागद वाचला तेव्हा आठ माणसं होती. त्या बाईंचा माझ्यावर राग नव्हता. त्यांना फक्त त्यांचं काम समजून घ्यायचं होतं. माझाही तुझ्यावर राग नव्हता. आठ माणसांत मला चार महिने मान वर करता आलेली नाही, आणि तुला तर तोंड उघडायला लावलं होतं. हे दोन्ही एकापुढे एक ठेवून बघायला मला इतका वेळ लागला. तू असतीस तर म्हणाली असतीस, तुमच्या डोक्यात प्रकाश पडायला नेहमीच उशीर.

कोर्टात मी तुझी माफी मागितली होती, पण ती तू परत यावीस म्हणून. आता त्यातून काही मिळायचं उरलेलं नाही, तेव्हा मागतो. माफ कर.

तीन जुलैला कपात उठली, तर मी पाकीट दारातूनच देईन. आत येणार नाही. चहाही नको. एवढं तरी चालेल ना?


२३ जून

हे पत्र मी टाकणार नाही. तरी लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं तर पुन्हा तेच होईल.

आज सकाळी एका डॉक्टरांकडून काम आलं. आमच्याकडे नाव येत नाही, नंबर येतो. स्त्री, वय सत्तावन्न, वरची पूर्ण कवळी. प्लास्टरच्या दोघांनी माप ओतून साचा काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मी सवयीनं टाळूवरून अंगठा फिरवला आणि अंगठा थांबला. मधोमध, जरासा डावीकडे, वाटाण्याएवढा उंचवटा. तुझ्या पहिल्या कवळीच्या वेळी त्या उंचवट्यानं मला रडकुंडीला आणलं होतं. सात वेळा मेण काढलं त्यातलं चार वेळा त्याच्याच पायी.

सोबत प्लास्टिकच्या डबीत जुनी कवळी होती, रंग जुळवण्यासाठी, संध्याकाळपर्यंत परत करायची. मी डबी उघडली. माझं काम मला ओळखू आलं नसतं तर नवल. दात झिजलेत, रंग उतरलाय, डावा सुळा वाकडा. आणि मधोमध, पुढच्या दोन दातांच्या मागून, एक तडा. तो कसल्याशा घरगुती गोंदानं चिकटवलेला. गोंदाचे दोन थर होते. म्हणजे एकदा सुटला होता, मग पुन्हा चिकटवलास.

बारकी म्हणाली होती, डॉक्टरकडे जायचं तू लांबणीवर टाकलंस. कशासाठी ते तिला माहीत नव्हतं. आता मला माहीत झालं. माझ्या कपाटात तीन पाकिटं तारखा घालून पडली होती, आणि तू तडा गेलेली कवळी गोंदानं चिकटवून घास चावत होतीस. हे काम मी अर्ध्या तासात करून दिलं असतं. म्हणूनच तू मला सांगितलं नाहीस.

सोबतच्या चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरात लिहिलेलं: ‘जुनी फक्त रंगासाठी. दात सरळ ओळीत लावावेत. पेशंटचं म्हणणं, जुन्यासारखे नकोत.’

आपलं काम कुठल्या लॅबमध्ये जातं हे पेशंटला कुणी सांगत नाही. तुला कळण्याचं काही कारण नाही. तरी मी ती चिठ्ठी टेबलावर उलटी घातली आणि बाहेर जाऊन पाणी पिऊन आलो.

परत आलो तर मेणवाल्या बाईंच्या हातात जुनी कवळी होती. खिडकीजवळ धरून त्या बघत होत्या. “अहो, हा सुळा बघा कसा वाकडा लावलाय. कुठल्या वेंधळ्याचं काम म्हणायचं हे?”

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर आलं होतं. तो सुळा वाकडा का आहे, तो लावायला किती रविवार गेले, त्यानं किती लोकांना फसवलं. चारचौघांत सांगावा असा किस्सा मला पुन्हा मिळायचा नाही. पॉलिशवालाही मान वळवून ऐकत होता.

मी म्हणालो, “असेल कुणीतरी.”

बाईंनी कवळी डबीत ठेवली आणि आपल्या कामाला लागल्या. एवढंच झालं. इतकं सोपं होतं ते. त्या रात्रीच्या जेवणाला मी नुसता घास घेतला असता, तरी झालं असतं.

मग दिवसभर तुझे दात लावत बसलो. दुसऱ्या कुणाला दिलं नाही. सुळा लावताना हात दोनदा आपसूक डावीकडे कलला. दोनदा काढला. तिसऱ्यांदा पट्टी धरून लावला. सरळ. लांबून बघितलं तर अनोळखी बाईचे दात वाटतात. सुरेख झालेत. हे लावून तू कशी दिसशील याचा अंदाज करून बघितला, पण माझ्या डोळ्यांसमोर येतेस ती वाकड्या सुळ्याचीच.

पहिले चार दिवस डावीकडे टोचेल. त्या उंचवट्यावर मी जागा सोडली आहे, तरी टोचेल. मऊ खा. घरी कानसत बसू नकोस, डॉक्टरकडे जा. मोठ्यानं वाचत जा, म्हणजे जीभ लवकर सरावते. तू मुलांना गोष्टी वाचून दाखवतच असशील. आणि आता ती पुन्हा पुन्हा काढून दाखवलीस तरी चालेल, कडा मी जाड ठेवल्या आहेत.

या कामाचे पैसे माझ्या पगारातून कापून गेलेलेच असणार. मी पाकीट आणून दिलं असतं तर हे झालं नसतं. ते पाकीट घेताना तुला चहा करावा लागायचा, माझं ऐकून घ्यावं लागायचं आणि मग चार दिवस कप घेऊन बसावं लागायचं. कोर्टातून येणाऱ्या पैशाबरोबर कुणी येत नाही. ते तू स्वतःवर खर्च केलेस. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, आणि त्याच दमात बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

डबी संध्याकाळी परत गेली. जाण्याआधी मी त्या तड्यावरून एकदा बोट फिरवलं. दुरुस्त करून द्यावा असं फार वाटलं. पण काम फक्त रंग बघायचं सांगितलं होतं.


४ जुलै

अगं,

काल कोर्टात गेलो होतो. अर्ज मागे घेतला. वकिलांनी दोनदा विचारलं, मी दोनदा हो म्हणालो. कपात चालू राहील, मी निवृत्त होईपर्यंत. हिशेबाच्या बाईंनाही सांगून ठेवलं आहे. त्यांनी “काय?” म्हणून विचारलं, तेव्हा पुन्हा मोठ्यानं सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. चाललं.

ती तीन पाकिटं बारकीकडे दिली आहेत. ती तुझीच आहेत.

मी एक तारखेला येणार नाही. कुठल्याच तारखेला येणार नाही. अठ्ठावीसपासून नीट जेवत जा.

नळासाठी प्लंबरला बोलाव. त्याला सांग, आतलं वॉशर जुनं आहे, नवं घाल. मग वर्षानुवर्षं बघावं लागत नाही.

हे शेवटचं पत्र. उत्तराची वाट बघणार नाही.

लॅबमध्ये काम नेहमीसारखं चाललं आहे. बाकी सांगण्यासारखं काही नाही.